उन्हाळ्यात जुना गॅस बॉयलर बंद ठेवावा का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एक जुने दुमजली घर घेतले आहे. तळघरात गॅसवर चालणारा बिडाचा बॉयलर असून तो रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवतो. त्याच्या पोटात एक लहान निळी ज्योत बारा महिने जळत असते. साताऱ्याहून आलेले माझे सासरे म्हणतात की, थंडी सरल्यावर हा गॅस फुकट कशाला जाळायचा? शेजारी सांगतात की, बॉयलर बंद करायचा असेल तर त्यातले सगळे पाणीही काढून टाकावे. जूनमध्ये आम्ही सर्व जण दोन महिन्यांसाठी भारतात जात आहोत. नेमके काय करावे?

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे म्हणणे रास्त आहे, शेजाऱ्यांचे मात्र ऐकू नये. परंतु ज्योत विझवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. आंघोळीचे आणि स्वयंपाकघरातले गरम पाणी कोठून येते? तळघरात त्यासाठी वेगळा हीटर असेल तर प्रश्न नाही. मात्र बऱ्याच जुन्या घरांत बॉयलरच्या आतच बसवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून हे पाणी तापून येते, आणि तसे असेल तर घरात माणसे असेपर्यंत बॉयलर बंद करता येणार नाही.

या ज्योतीला पायलट म्हणतात. ती महिन्याला साधारण 4 ते 7 थर्म (थर्म हे गॅसच्या बिलातले मोजमाप) गॅस जाळते. मे ते सप्टेंबर असे पाच महिने ती विझवून ठेवली आणि थर्मचा दर दीड डॉलर धरला, तर 30 ते 50 डॉलर वाचतात. रक्कम मोठी नाही, पण ती सोडून देण्याचेही कारण नाही, अर्थात तळघर कोरडे असेल तर.

खरा मुद्दा ओलीचा आहे. तिकडचा उन्हाळा दमट असतो. बाहेरची उष्ण, ओलसर हवा थंड तळघरात उतरली की गार पृष्ठभागांवर तिचे पाणी होते. पायलटच्या उबेमुळे बॉयलरचा बिडाचा भाग आणि खालचे बर्नर कोरडे राहतात. ती ऊब गेली की तेथे गंज धरतो आणि त्याचे पापुद्रे बर्नरच्या छिद्रांत पडून पुढच्या हंगामात ज्योत वेडीवाकडी होते. आपले तळघर कसे आहे हे ओळखण्याची सोपी खूण अशी : दमट दिवशी तळघरातल्या थंड पाण्याच्या, वर वेष्टण नसलेल्या नळावरून हात फिरवा. हाताला पाणी लागले, नळावर थेंब साचलेले दिसले, तर तळघर दमट आहे. अशा वेळी एकतर हवेतली ओल शोषणारे यंत्र चालू ठेवावे किंवा पायलट जळत ठेवावा. माझ्या मते दमट तळघरात 40 डॉलर वाचवण्यासाठी हजारो डॉलरचा बॉयलर गंजू देण्यात काहीच शहाणपण नाही.

आता पाण्याविषयी. रेडिएटरमध्ये फिरणारे पाणी वर्षानुवर्षे तेच असते. त्यात विरघळलेला प्राणवायू केव्हाच संपून गेलेला असतो, म्हणून ते काळपट दिसत असले तरी लोखंडाला फारसे खात नाही. ते काढून ताजे पाणी भरले की नवा प्राणवायू आणि नवे क्षार आत येतात आणि गंजण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. शिवाय रिकाम्या पण ओलसर राहिलेल्या बॉयलरमध्ये उन्हाळाभर हवा खेळते, ते तर अधिक वाईट, आणि शरद ऋतूत प्रत्येक रेडिएटरमधली हवा काढत बसावे लागते, ते निराळेच. उन्हाळ्यात पाणी गोठण्याची भीती नसते, तेव्हा ते भरलेलेच राहू द्या.

बंद करताना आधी थर्मोस्टॅट बंद करा, मग बॉयलरचा विजेचा स्विच बंद करा. जुन्या घरांत तो बहुधा तळघराच्या जिन्यापाशी लाल पट्टीवर असतो. त्यानंतर गॅसच्या झडपेवरचा नॉब ‘ऑन’वरून ‘पायलट’वर आणि तेथून ‘ऑफ’वर न्या. शेवटी बॉयलरकडे येणाऱ्या गॅसच्या नळीवरचा कॉक फिरवा. त्याचा दांडा नळीला आडवा आला म्हणजे गॅस बंद झाला. हा कॉक अडकलेला असेल तर पाना लावून जोर करू नका, कारण तेथूनच गळती सुरू होऊ शकते. बॉयलरवर किंवा नळांवर जुने पांढरे लेपन असेल तर त्याला हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असलेले खनिज तंतू, असण्याची शक्यता असते.

निघण्यापूर्वी बॉयलर पूर्ण थंड असताना दाबमापकावरचा आकडा लिहून ठेवा. दुमजली घरात तो साधारण दर चौरस इंचाला 12 पाऊंड असतो. बॉयलरमध्ये आपोआप पाणी भरणारी झडपही बंद करा आणि तिला ‘बंद केली आहे, बॉयलर चालू करण्यापूर्वी उघडावी’ अशी चिठ्ठी बांधा. परत आल्यावर दाब बराच उतरलेला दिसला तर कोठेतरी पाणी गळते आहे. ते शोधल्याशिवाय बॉयलर पेटवू नये.

पायलट पुन्हा पेटवण्याची पद्धत बॉयलरवरच्या पत्र्यावर छापलेली असते : गॅस बंद करून पाच मिनिटे थांबा, जमिनीजवळही वास घ्या, मग नॉब ‘पायलट’वर दाबून धरून ज्योत लावा आणि सुमारे मिनिटभर तसाच धरा. ज्योतीत असलेले थर्मोकपल तापून त्यातून सुमारे 30 मिलिव्होल्ट इतका सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि त्याच्या बळावर झडप उघडी राहते. ज्योत विझली की झडप आपोआप मिटते. आपल्याकडच्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, तर नळाने येणारा नैसर्गिक गॅस हलका असल्याने वर जातो, म्हणून वास खालीही घ्यावा आणि वरही. वास आलाच तर कोणताही स्विच न दाबता बाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करावा.

असे असले तरी हे पहिले पेटवणे जाणकार तंत्रज्ञाकडून करवून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. बंद पायलटच्या बारीक नळीत कोळी जाळे विणतात, धुराड्यात पक्षी घरटी करतात, आणि तुंबलेल्या धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपण्याच्या खोल्यांबाहेर त्याचा इशारा देणारे यंत्र असलेच पाहिजे. तंत्रज्ञाला सप्टेंबरमध्येच बोलवा. पहिली थंडी पडली की त्यांची वेळ मिळता मिळत नाही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आमचा जुना कॉम्बी बॉयलर नळाला गरम पाणीही देतो. तो उन्हाळ्यात बंद ठेवता येईल का?

उत्तर : बॉयलर चालू राहू द्या, फक्त खोल्या तापवण्याचा भाग बंद करा. महिन्यातून एकदा तो भाग दहा-पंधरा मिनिटे चालवावा, म्हणजे पंप आणि आतली झडप जागच्या जागी धरून बसत नाहीत. थंड असताना दाब 1 ते 1.5 बारच्या दरम्यान असावा. झाकण उघडून करण्याचे कोणतेही काम ‘गॅस सेफ’ या तिकडच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, आणि काम सुरू होण्यापूर्वी त्याचे ओळखपत्र पाहायला मागा. त्याच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणत्या उपकरणांवर काम करण्याची मुभा आहे हे लिहिलेले असते.