अमेरिकेत एमपीएच: विद्यापीठाच्या नावाआधी आय-ट्वेंटीवरचा कोड बघा

तुम्ही लिहिलंय की बीडीएस झालंय, थोडी प्रॅक्टिसही झाली, आणि आता अमेरिकेत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी, करायची आहे. कोणता विषय घ्यावा, नोकरी मिळेल का आणि पुढे इथे दातांची प्रॅक्टिस करता येईल का, असे तुमचे तीन प्रश्न. मी एपिडेमिऑलॉजीत (रोग कसे पसरतात याच्या अभ्यासात) एमपीएच करून इथे एका विद्यापीठाच्या रुग्णालयात काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. एमपीएच करून परवाना मिळत नाही. त्यासाठी दंतवैद्यांची आयएनबीडीई परीक्षा, मग मान्यताप्राप्त डेंटल कॉलेजात साधारण दोन-तीन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग कोर्स (परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठीचा) आणि शेवटी त्या राज्याचा परवाना, असा वेगळाच रस्ता आहे. त्या प्रवेशासाठी अर्ज करताना एमपीएच दिसायला बरं दिसतं, एवढंच. मनात खरोखर क्लिनिकच असेल तर दोनदा फी भरण्यापेक्षा थेट त्याच रस्त्याला लागा. एमबीबीएसवाल्यांनाही यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) चुकत नाही, एमपीएच असो वा नसो.

आता विषय. एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र), पर्यावरण आरोग्य, धोरण व व्यवस्थापन, सामाजिक-वर्तनशास्त्र असे पारंपरिक पाच फाटे आहेत. पब्लिक हेल्थच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या सीईपीएच या संस्थेची मान्यता असलेला एमपीएच किमान ४२ क्रेडिटचा असतो आणि त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा असतो. मान्यता नसलेल्या कोर्सकडे बघूच नका. पहिल्या आठवड्यात डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये कॉलराच्या साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप कसा बंद करवला ते ऐकाल आणि वाटेल, आपणही साथीमागचे गुप्तहेर होणार. कामाचा बराचसा दिवस मात्र तसा जात नाही. प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदींत एकच रुग्ण तीनदा आलाय का ते शोधणं, रिकामे रकाने भरण्यासाठी फोन करणं, 'मागच्या आठवड्यात काय काय खाल्लं' हे धीराने विचारणं आणि मग सॅस किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर उघडून बसणं. मला हे आवडतं. ज्यांना आवडत नाही, ते पहिल्या सेमिस्टरलाच कंटाळतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आकड्यांशी वैर नसेल तर एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स घ्या. व्यवस्थापनाचा विषय कागदावर सोपा दिसतो, पण रुग्णालयांच्या प्रशासनात इथला अनुभव आणि इथल्या ओळखी लागतात. नवख्या परदेशी माणसाला तिथे शिरकाव अवघड जातो. तुमच्यासारख्या क्लिनिकल पार्श्वभूमीच्या लोकांची पहिली नोकरी बऱ्याचदा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरची (रुग्णांवरच्या संशोधनाचं रोजचं काम सांभाळणाऱ्याची) असते. पगार बेताचा, पण रुग्णाशी बोलता येणं आणि केसपेपर वाचता येणं याची तिथे किंमत आहे. रुग्णालयातच संसर्ग प्रतिबंधाचं कामही असतं. त्यात पुढे सीआयसी हे संसर्ग प्रतिबंधाचं प्रमाणपत्र घेता येतं. विमा कंपन्यांत क्लेम्सचा डेटा चाळणारे विश्लेषक लागतात. औषध कंपन्यांत उपचाराचा खर्च आणि परिणाम यांचा हिशोब मांडणारे लोक लागतात, आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणारेही. यातल्या एकाही जाहिरातीत 'पब्लिक हेल्थ' हे शब्द ठळक दिसणार नाहीत, त्यामुळे शोधतानाच पदांची नावं बदलून शोधा.

नोकरीच्या प्रश्नात खरी मेख व्हिसाची आहे. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-ट्वेंटी फॉर्म देतं, त्यावर कोर्सचा कोड असतो. तो स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, मात्र नोकरी देणारा ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेला हवा. एपिडेमिऑलॉजीचा २६.१३०९ आणि बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२ हे कोड यादीत आहेत. सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा ५१.२२०१ नाही. गंमत अशी, की काही विद्यापीठं एपिडेमिऑलॉजीच्या एमपीएचलाही हा सर्वसाधारण कोड लावतात. एकाच विषयाच्या दोन पदव्या, पण एकीवर तीन वर्षं, दुसरीवर एकच. शिवाय पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, म्हणजे शोध शेवटच्या सेमिस्टरच्या आधीच सुरू व्हायला हवा.

त्यानंतर एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे, आणि अर्ज जास्त आले की निवड होते. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर असतात. आमच्या क्षेत्राला याचा मोठा फायदा आहे, आणि मी रुग्णालयात आहे त्यामागे हेही एक कारण आहे. राज्याचं किंवा काउंटीचं आरोग्य खातं सरकारी असलं तरी सहसा या सवलतीत बसत नाही. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, त्यामुळे 'सीडीसीत (केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेत) काम करायचंय' हे स्वप्न तूर्त बाजूला ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलर भरण्याची अटही आली. तिचा रोख मुख्यतः परदेशातून आणल्या जाणाऱ्या उमेदवारांवर आहे, पण हे नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या वेळी पुन्हा तपासा.

आणि काळ बरा नाही हेही सांगायला हवं. २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था गुंडाळली गेली, सीडीसीत मोठी कपात झाली. म्हणजे पंधरा-वीस वर्षं मुरलेली माणसं आज त्याच जागांसाठी अर्ज करताहेत. कर्ज काढून येत असाल तर पदवीनंतर लगेच पगार सुरू होईल असं धरून हप्त्याचं गणित मांडू नका. एमपीएचला फीमाफीसह असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) क्वचित मिळते. संशोधनाकडे ओढा असेल तर थेट पीएचडीचा विचार करा, तिथे सहसा खर्च विद्यापीठ उचलतं. आणि शेवटी भारतातच काम करायचं असेल तर तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर किंवा मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हे पर्याय कमी प्रतीचे मुळीच नाहीत.

अर्ज बहुतेक ठिकाणी सोफास या एकाच पोर्टलवरून होतो. तिथे गुणपत्रिकांचं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन लागतं, आणि आपल्या विद्यापीठांकडून सीलबंद कागद निघायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहेच, तर ते आजच सुरू करा. प्रवेश कार्यालयाला मेल कराल तेव्हा रँकिंगबद्दल काही विचारू नका. माझ्या विषयाच्या आय-ट्वेंटीवर कोणता कोड येतो, प्रत्यक्ष कामाची जागा विभाग शोधून देतो की विद्यार्थ्याने शोधायची, आणि मागच्या तुकडीतले परदेशी विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला गोलमोल उत्तर आलं तर त्या विभागाचे माजी विद्यार्थी लिंक्डइनवर शोधा आणि त्यांनाच विचारा. बहुतेक जण सांगतात.