तक्रार त्यांची, हिशेबही त्यांचाच?

प्रश्न : अँटी-डंपिंग शुल्काच्या प्रकरणात ज्या देशातील उद्योग तक्रार करतात, त्याच देशाचे सरकार चौकशी करते. अशा चौकशीत परदेशी निर्यातदाराला न्याय मिळण्याची शक्यता कितपत असते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मायदेशातील सामान्य मूल्यापेक्षा कमी किमतीत निर्यात करणे म्हणजे डंपिंग आणि त्यामुळे स्थानिक उद्योगाचे नुकसान होत असल्यास आयात करणारा देश त्या मालावर लावतो ते अँटी-डंपिंग शुल्क. चौकशी करणारा अधिकारी त्रयस्थ देशाचा नसतो. परंतु जागतिक व्यापार संघटनेच्या अँटी-डंपिंग करारामुळे त्याला मनमानी करता येत नाही. निर्यातदाराला प्रश्नावलीचे उत्तर देण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात, निर्णयाला आधारभूत ठरणारी तथ्ये अंतिम निष्कर्षापूर्वी संबंधितांना कळवावी लागतात आणि डंपिंगचे प्रमाण निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी निघाल्यास चौकशी तिथेच थांबवावी लागते. माझ्या मते मात्र अन्यायाला खरी जागा असते ती आकडेमोडीत.

भारत, पाकिस्तान आणि इजिप्तमधून येणाऱ्या सुती चादरी, अभ्रे वगैरे मालावर युरोपीय समुदायाने १९९७ मध्ये असे शुल्क लावले. समजा, एका प्रकारची चादर मायदेशापेक्षा २० रुपयांनी स्वस्त आणि तितक्याच संख्येने दुसऱ्या प्रकारची २० रुपयांनी महाग निर्यात झाली, तर एकत्रित हिशेबात डंपिंग शून्य ठरावे. युरोपीय अधिकाऱ्यांनी ‘झीरोइंग’ पद्धतीने महाग विकलेल्या प्रकारातील फरक शून्य धरला. त्यामुळे केवळ स्वस्त विक्रीच हिशेबात उरली. भारताने याविरुद्ध दाद मागितली आणि जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने मार्च २००१ मध्ये ही पद्धत कराराशी विसंगत ठरवली. नव्याने हिशेब केल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील शुल्क स्थगित झाले. ज्या उत्पादकांची स्वतंत्र तपासणीच झाली नव्हती, त्यांचा सगळा माल डंपिंगचा समजून स्थानिक उद्योगाच्या नुकसानीच्या हिशेबात धरण्यात आला होता. त्यालाही अपिलीय मंडळाने २००३ मध्ये हरकत घेतली.

मधल्या काळात भरलेले शुल्क परत मिळवून देण्याची सोय मात्र या व्यवस्थेत नाही, आणि लहान निर्यातदाराच्या दृष्टीने साडेतीन वर्षांहून अधिक हा फार मोठा काळ आहे. शिवाय डिसेंबर २०१९ पासून पुरेसे सदस्य नसल्याने अपिलीय मंडळच ठप्प आहे.

केवळ युरोपाकडे बोट दाखवणे बरोबर नाही, कारण अशा चौकश्या सर्वाधिक सुरू करणाऱ्या देशांत भारतही मोडतो. आपल्याकडे वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील व्यापार उपाय महासंचालनालय शिफारस करते, शुल्क वित्त मंत्रालय लावते आणि त्याविरुद्ध सीमाशुल्क, अबकारी व सेवाकर अपिलीय न्यायाधिकरणात अपील करता येते. टायर उत्पादकांच्या संघटनेच्या प्रकरणात एका अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली आणि त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा सुनावणी न घेता अंतिम निष्कर्ष दिला. हा नैसर्गिक न्यायाचा भंग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले.