‘इम्पेअरमेंट’ला घसारा म्हणावं का?

नाशिकमधल्या एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. सातपूर-अंबडचे छोटे उद्योजक आणि निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी यांना कळेल असं हिशेबाचं एक टिपण त्या मराठीत लिहीत आहेत. उदाहरणासाठी त्यांनी पिंपळगावचं एक काल्पनिक शीतगृह घेतलं आहे. त्या विचारतात: “‘लीज’ला भाडेकरार म्हणू की भाडेपट्टा? आणि ‘इम्पेअरमेंट’ला मी ‘अतिरिक्त घसारा’ लिहिलं. सर म्हणाले, हा घसारा नव्हे. पण मग काय, ते त्यांनाही सुचेना.”

सरांचं म्हणणं बरोबर आहे. इम्पेअरमेंट म्हणजे वस्तूची वहीतली किंमत तिच्यातून वसूल होणार नसेल तर ती खाली आणणं. हा घसारा नव्हे, आणि ‘अतिरिक्त’ जोडल्यानं तो इम्पेअरमेंट होत नाही. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: मी ‘मूल्यतूट’ म्हणेन. आता त्यामागचा विचार सविस्तर लिहितो, कारण या एका शब्दासाठी मी बरेच दिवस चार-पाच पर्याय घोळवत होतो.

घसारा आपल्या कानाला इतका सरावाचा आहे की त्याचं ‘घासणे’शी असलेलं नातं आपण विसरतो. चंदन उगाळून सहाण झिजते, दळून दळून जात्याची पाळी गुळगुळीत होते, तसा हा शब्द आहे. झीज वापराची असते आणि काळाचीही असते. यंत्र विकत घेतानाच ठाऊक असतं की दहा वर्षांत ते थकणार, म्हणून त्याची किंमत आपण त्या दहा वर्षांवर वाटून टाकतो. घसारा ठरलेला असतो, अपेक्षित असतो. पुढच्या वर्षीचा घसारा किती हे आज सांगता येतं.

इम्पेअरमेंटचं तसं नाही. तिथे प्रश्नच निराळा आहे: या वस्तूची जी किंमत आपण वहीत लिहून ठेवली आहे, तेवढी तिच्यातून वसूल होईल का? ‘इंड एएस ३६’ या भारतीय लेखा मानकाप्रमाणे वर्षअखेरीला कंपनीनं आधी लक्षणं पाहायची. बाजार पडला का, तंत्र जुनं झालं का, वस्तू मोडली का, कायदा बदलला का. लक्षण दिसलं की वसुलीचा अंदाज काढायचा. वसुलीचे मार्ग दोनच. वस्तू विकून टाकली तर विक्रीचा खर्च वजा जाता किती हातात येतील, हा एक. ती वापरत राहिलो तर तिच्यातून पुढे येणाऱ्या पैशाची आजच्या घडीची किंमत किती, हा दुसरा. यांपैकी जो आकडा मोठा, तो धरायचा. कारण शहाणा मालक दोहोंतला फायद्याचाच मार्ग निवडणार. वहीतली किंमत या मोठ्या आकड्यापेक्षाही जास्त निघाली, तर जितकी जास्त तितकी खाली आणायची आणि तो तोटा त्याच वर्षी दाखवायचा. तो पुढच्या वर्षांवर वाटत बसायचा नाही.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वस्तू झिजलेली असण्याची गरज नाही, मोडलेली असण्याचीही नाही. यंत्र नवं कोरं असेल, झकास चालत असेल, पण त्यावर बनणाऱ्या मालाला गिऱ्हाईकच उरलं नसेल तरी इम्पेअरमेंट आहेच. म्हणून ‘क्षती’ आणि ‘हानी’ हे दोन्ही शब्द मी बाजूला ठेवले. क्षती म्हटलं की इजा डोळ्यांपुढे येते. गारपिटीनं द्राक्षबाग झोडपली, तलाठी पंचनाम्याला आले, ती क्षती. इथे वस्तू धडधाकट असूनही तिची कमाई आटलेली असू शकते.

‘मूल्यऱ्हास’ हा पर्याय पुष्कळांना चांगला वाटतो. मला तो दोन कारणांनी नको. एक तर ऱ्हास सावकाश होतो, जंगलाचा ऱ्हास, नीतीचा ऱ्हास. दुसरं कारण अडचणीचं आहे: हिंदीत ‘मूल्यह्रास’ म्हणजे चक्क घसारा. आपल्याकडे हिंदी-मराठी दोन्ही कागद एकाच टेबलावर असतात. मराठीत इम्पेअरमेंटला तोच शब्द दिला तर गोंधळ निस्तरण्यासाठी शब्द शोधायला निघालो आणि तोच वाढवून ठेवला, असं होईल. ‘अवमूल्यन’ चलनाचं असतं. १९६६ साली रुपयाचं झालं ते. तो शब्द तिथेच राहू द्यावा.

‘मूल्यक्षय’ही कुणी सुचवेल. क्षय या शब्दावर मराठीत आजाराची दाट सावली आहे, आणि तो आजारही हळूहळू पोखरणारा. पण या शब्दापाशी नाशिककरानं क्षणभर थांबावं असं मला वाटतं. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिले आणि ते नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: दोन हजार एकीकडे महिना शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज भोगायचं. अशा ठेवीचं नाव ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे भांडवल. ज्याला कधी क्षय नाही असं भांडवल. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्याच गावाजवळच्या डोंगरात ‘भांडवल कमी होता कामा नये’ ही कल्पना इतक्या नेमक्या शब्दात कोरलेली आहे, हे वाचून माझा ऊर भरून येतो. तरीही आजच्या टिपणात मूल्यक्षय नको. वाचणारा पांडवलेण्यांपर्यंत जाणार नाही, दवाखान्यापर्यंत जाईल.

सरकारी मराठीतलं ‘निर्लेखन’ तुम्ही ऐकलं असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेची पडकी खोली निर्लेखित करतात, म्हणजे नोंदवहीतून तिचं नावच काढतात. इम्पेअरमेंटमध्ये वस्तू वहीत राहते, फक्त तिची किंमत उतरते. तेव्हा तोही शब्द जुळत नाही.

माझी सर्वांत जास्त पसंती बराच काळ ‘मूल्यघट’ला होती. सुटसुटीत आहे, जिभेवर बसतो. तो मी सोडला तो लासलगावच्या कांद्यामुळे. उन्हाळ कांदा चाळीत भरला की शेतकरी दोन शब्द वेगळे वापरतो: घट आणि सड. घट म्हणजे कांदा सुकून वजन उतरतं ती. ती होणारच, महिन्याला साधारण किती होते याचा अंदाज प्रत्येकाला असतो, आणि भाव धरून बसताना तो अंदाज मनात धरलेलाच असतो. सड वेगळी. वरून चाळ चांगली दिसते, आत हात घातल्यावर कळतं. म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या कानाला घट हा शब्द घसाऱ्याच्या बाजूचा वाटणार! तुमचं टिपण निफाडच्या शेतकऱ्यानं वाचलं आणि ‘मूल्यघट’ दिसली, तर तो म्हणेल, हं, नेहमीचीच. आणि तुम्हाला तर नेमकं उलट सांगायचं आहे.

मग सड म्हणावं का? तेही नाही. कारण तिसरी एक गोष्ट असते: कांदा घटलाही नाही, सडलाही नाही, पण भावच कोसळला. इम्पेअरमेंटला कारण कुठलंही चालतं, सड चालते आणि कोसळलेला भावही चालतो. (कांदा हा विक्रीचा माल असल्यामुळे हिशेबात त्याला साठ्याचं निराळं मानक लागतं. इथे मी त्याच्याकडून फक्त शब्द उसना घेतो आहे.) आपल्याला असा शब्द हवा जो कारणाबद्दल काहीच बोलत नाही, फक्त दोन आकड्यांमधलं अंतर सांगतो.

असा शब्द मराठीत आहे. तूट. जमा किती, खर्च किती, मध्ये राहिली ती तूट. पाऊस पाहिजे तेवढा झाला नाही, धरणात पाण्याची तूट आली. तूट कधीच एका आकड्याची नसते, ती कायम ‘इतके हवे होते, इतकेच आहेत’ अशी दोन आकड्यांची असते. इम्पेअरमेंटही बरोब्बर तेवढंच आहे: वहीत इतके, वसूल होणार इतकेच.

या शब्दाच्या बाजूनं मला आणखी एक गोष्ट फार पटते. तूट भरून निघते. घसारा भरून निघत नाही. झिजलेली सहाण पुन्हा जाड होत नाही. आणि मानकातही तसंच आहे. पुढे दिवस पालटले, वसुलीचा अंदाज वाढला, तर आधी दाखवलेला इम्पेअरमेंट मागे घेता येतो, मात्र मुळात तो दाखवलाच नसता तर नेहमीचा घसारा जाऊन आज वहीत जी किंमत उरली असती, तिच्या वर जाता येत नाही. त्याला ‘मूल्यतूट भरून निघाली’ म्हणता येतं, वेगळा शब्द घडवावा लागत नाही. अपवाद एकच, ख्यातीचा. दुसरा धंदा विकत घेताना त्याच्या नावलौकिकासाठी जे जास्तीचे पैसे मोजले, ती ख्याती. तिची तपासणी लक्षण असो वा नसो दर वर्षी करायची, आणि तिच्यातली तूट एकदा दाखवली की कधीही भरून घ्यायची नाही.

आता लीज. इथे फार अडण्यासारखं काही नाही: भाडेपट्टा. भाडेकरार हा कागद झाला. भाडेपट्टा म्हणजे त्या कागदानं मिळालेला हक्क. ‘पट्टा’मध्ये जुना ‘पट्ट’ आहे, ज्यावर राजाज्ञा कोरत ती पाटी किंवा पत्रा. ‘ताम्रपट’ त्याच कुळातला. म्हणजे पट्टा मिळणं हे मुळात लेखी हक्क मिळणं आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्येही लीज म्हणजे स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचं हस्तांतरण, अशीच व्याख्या आहे. खंड, मक्ता, इजारा हे सगळे जवळचे शब्द आहेत, पण खंड शेतजमिनीला बांधला गेला, मक्त्यातून मक्तेदारी निघाली, आणि इजारा लोकांच्या तोंडून गेला.

हक्क हा अर्थ इथे महत्त्वाचा का, तर नवं मानक ‘इंड एएस ११६’ त्याच्यावरच उभं आहे. १ एप्रिल २०१९ पासून ते लागू झालं. त्याआधी बऱ्याचशा भाडेपट्ट्यांचं भाडं वर्षाच्या खर्चात पडायचं आणि ताळेबंदाला त्याचा पत्ता नसायचा. आता भाड्यानं घेणाऱ्यानं ताळेबंदात दोन नोंदी करायच्या: एका बाजूला वस्तू वापरण्याचा हक्क, ही मालमत्ता; दुसऱ्या बाजूला उरलेल्या भाड्यांची आजच्या घडीची किंमत, हे देणं. पहिल्या नोंदीला मी ‘वापरहक्क’ म्हणेन, दुसरीला ‘भाडेपट्ट्याचं देणं’. बारा महिन्यांपर्यंतचे पट्टे आणि किरकोळ किमतीच्या वस्तू यांना यातून सूट घेता येते. ज्या छोट्या कंपन्या अजून जुन्या ‘एएस १९’ प्रमाणे चालतात, त्यांच्याकडे साधं भाडं अजूनही खर्चातच जातं. तुमच्या वाचकांत तेच जास्त असतील, म्हणून ही ओळ टिपणात जरूर घाला.

१ एप्रिल ही तारीख वाचून मला दर वेळी कूळकायदा आठवतो. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं. २०१९ च्या १ एप्रिलला कुणी मालक झालं नाही. पण वापरणाऱ्याचाही काही हक्क असतो आणि तो लिहून दाखवावा लागतो, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. त्याला ती याच दाखल्यानं सांगा. सातपूरच्या उद्योजकाला सांगताना त्याच्या पायाखालचाच दाखला द्या: एमआयडीसीचा प्लॉट तो ‘माझा’ म्हणतो, कागद मात्र ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो.

तुमच्या शीतगृहाचे आकडे मी तपासले, ते बरोबर आहेत. पाच वर्षांचा पट्टा, दर वर्षअखेरीला १२ लाख भाडं, व्याजदर १० टक्के. सगळ्या भाड्यांची आजची किंमत सुमारे ४५.४९ लाख, तेवढाच वापरहक्क, तेवढंच देणं. हक्कावर दर वर्षी ९.१० लाख घसारा. देण्यावर पहिल्या वर्षी ४.५५ लाख व्याज. म्हणजे पहिल्या वर्षी खर्च १३.६५ लाख दिसतो, भाडं मात्र १२ च दिलेलं. शेवटच्या वर्षी तो १०.१९ लाखांवर येतो, आणि पाच वर्षांची बेरीज ६० लाखच भरते. दोन वर्षांनी वहीत हक्क उरतो २७.२९ लाखांचा. तेव्हा शेजारी मोठं शीतगृह उभं राहिलं, द्राक्षाच्या पेट्या तिकडे वळल्या, आणि वापरातून १८ लाख, पोटभाड्यानं देऊन १५ लाखच वसूल होतील असं दिसलं. मोठा आकडा १८. तूट ९.२९ लाखांची. पुढच्या तीन वर्षांत घसारा दर वर्षी ६ लाख. या तुटीमुळे देणं मात्र एक रुपयानंही हलत नाही, त्या घडीला ते २९.८४ लाखच राहतं, कारण धंदा बसला म्हणून मालक भाडं सोडत नाही. हे वाक्य टिपणात ठळक लिहा, एकाच पट्ट्याच्या या दोन बाजू इथे एकमेकींपासून सुटतात.

तुमचं मूळ वाक्य होतं: “कंपनीने भाड्याच्या शीतगृहावर ९ लाख २९ हजार रुपये अतिरिक्त घसारा आकारला.” मी ते असं लिहीन: “शीतगृहाच्या वापरहक्काची वहीतली किंमत २७ लाख २९ हजार रुपये होती. त्यातून १८ लाखच वसूल होतील असा अंदाज असल्याने ९ लाख २९ हजार रुपयांची मूल्यतूट या वर्षीच्या तोट्यात धरली आहे. भाडेपट्ट्याचे देणे या तुटीमुळे बदललेले नाही.”