ईसीजी नॉर्मल आला म्हणून थांबू नका, आधी जुनी फाइल काढा

ताई, तुमच्या भावाला एकोणिसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), सहा सायकल केमो, वर छातीला रेडिएशन. आता तेहतिशीत वणीच्या गडावर निम्म्या पायऱ्यांतच धाप लागून तो खाली बसला. ईसीजी नॉर्मल आला, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय. करावाच. पण त्याआधी माळ्यावरची फाइल खाली काढा. पाच वर्षं झाली, सुटलो, म्हणून आपण पेढे वाटतो आणि फाइल बोहारणीच्या गाठोड्याशेजारी टाकतो. मीही लिम्फोमातून उठलेली आहे, त्यामुळे हे सगळ्या घरांत बघते.

हॉजकिनच्या नेहमीच्या चार औषधांपैकी एक लालभडक असतं: डॉक्सोरुबिसिन, म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन. ते चढवल्यावर लघवीसुद्धा लालसर होते, भावाला आठवत असेल. या औषधाने हृदयाच्या स्नायूतल्या काही पेशी मरतात आणि त्या जवळपास भरून येत नाहीत. उरलेल्या पेशी वर्षानुवर्षं जास्तीचं काम ओढतात, म्हणून माणूस ठणठणीत दिसतो. ईसीजीत विजेचा प्रवाह दिसतो. हृदय किती जोरात आवळतंय ते त्यात कळत नाही.

फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डापेक्षा केमो चार्ट महत्त्वाचा. प्रत्येक वेळी किती मिलिग्रॅम दिलं आणि शरीराचं क्षेत्रफळ (बीएसए) किती धरलं, एवढंच बघा. समजा दर वेळी ४० मिलिग्रॅम आणि बीएसए १.६, म्हणजे एका डोसला चौरस मीटरमागे २५. सहा सायकलचे बारा डोस, एकूण ३००. २५० च्या पुढे धोका जास्त धरतात. छातीचं रेडिएशन त्यात वेगळी भर घालतं: झडपा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या, दोन्ही. तिशीत ब्लॉकेज कसलं, असं कुणी म्हणालं तर रेडिएशनचा कागद पुढे करा. फाइल हरवली असेल तर जुन्या रजिस्ट्रेशन नंबरवर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या, पण त्यासाठी इको अडवून ठेवू नका.

इकोला जाण्याआधी फोन करून विचारा, 'जीएलएस म्हणजे स्ट्रेन काढता का?' ठोक्याला हृदयाचा स्नायू किती टक्के आखडतो, त्याचा हा आकडा. सगळीकडे काढत नाहीत. 'ईएफ ६० टक्के, गुड एलव्ही फंक्शन' एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा कप्पा (एलव्ही) एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. स्नायू थकायला लागला की बऱ्याचदा जीएलएस आधी घसरतो, ईएफ नंतर. तो साधारण उणे १८ ते उणे २० च्या आसपास असतो. उणे चिन्ह बघून घाबरू नका, आकडा शून्याकडे सरकला तर चिंता. पुढचा इको शक्यतो त्याच मशीनवर करा, नाहीतर आकड्यांची तुलना फसते. सोबत एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी डॉक्टरांना विचारा. इकोत चित्र नीट येत नसेल तर कार्डियाक एमआरआय.

लवकर सापडण्याने फरक पडतो का? मिलानच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये केमोनंतर ईएफ घसरलेल्या २०१ रुग्णांचा अभ्यास छापला. केमो संपल्यापासून दोन महिन्यांत हृदयाची औषधं सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं हृदय सावरलं. सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांत पूर्ण सावरलेलं कुणीच नव्हतं. भावाला इतकी वर्षं झालीत म्हणून हात टेकू नका, औषधांनी पुढची घसरण मंदावता येते.

इको चांगला आला तरी धाप कशाने लागली ते शोधायचं राहतंच. पुढेही, डोस २५० च्या वर आणि छातीला रेडिएशन असेल तर, साधारण दर दोन वर्षांनी इको, आणि बीपी, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी. तंबाखू-सिगारेट असेल तर आजच बंद.

तपासणी होईपर्यंत वजन उतरवायला त्याला ब्रह्मगिरी चढायला किंवा जिममध्ये पाठवू नका. अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, आणि कार्डिओलॉजिस्टसमोर बसल्याबसल्या पहिलं वाक्य केमो आणि रेडिएशनचं सांगा, धापेचं दुसरं. पायावर सूज, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.