आजोबांचा फोन आणि नातवंडांची सुट्टी

तिकडे परदेशात तुम्ही मुलांच्या टॅबला कुलूप लावलंय, नेटफ्लिक्सवर त्यांचं वेगळं प्रोफाइल केलंय. मुंबईत उतरल्यावर यातलं फारसं काही कामी येत नाही. दादर असो की मुलुंड, आजीच्या घरी पोर टॅब टाकून आजोबांचा फोन मागतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत एक तास त्या फोनला द्या.

बोलायचं कसं, ते आधी ठरवा. "बाबा, तुमच्या फोनवर काहीही येतं" म्हटलंत की विषय मानापमानावर जातो. "बाबा, ही तुमचाच फोन मागणार, तिच्यासाठी त्यात थोडी सोय करून ठेवू का?" एवढं पुरतं.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करा. बहुतेक पालकांना यूट्यूबची धास्ती असते, पण आमच्या मते जास्त धोका गॅलरीत आहे. सोसायटीचा ग्रुप, शाळासोबत्यांचा ग्रुप, सगळं आपोआप डाउनलोड होत राहतं. मूल काल चौपाटीवर काढलेला स्वतःचा फोटो शोधायला गॅलरी उघडतं, दोनदा बोट सरकवतं, आणि समोर अपघाताचा व्हिडिओ. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज आणि डेटा'त मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्हींखालचे टिकमार्क काढून टाका, म्हणजे काही आपोआप डाउनलोड होणार नाही. मग 'चॅट्स'मध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे आलेलं गॅलरीत दिसणार नाही. हे फक्त यापुढे येणाऱ्या फाइलींना लागू होतं. जुन्या हातानेच पुसाव्या लागतात, आणि त्या आजोबांना विचारूनच पुसा.

यूट्यूबचा 'रिस्ट्रिक्टेड मोड', म्हणजे मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सोय, प्रत्येक फोनवर, टीव्हीवर वेगळा चालू करावा लागतो, आणि त्यातूनही काही ना काही निसटतंच. लहानांसाठी यूट्यूब किड्स बरं. त्यात ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे गट आहेत. फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशीही सोय आहे. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणारं 'अ‍ॅप पिनिंग' शोधा, ते चालू करा आणि अनपिन करताना पिन विचारला जाईल असं करून ठेवा. मग पोराला त्या अ‍ॅपबाहेर पडता येत नाही.

घरच्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं की बहुतेक अश्लील साइट्स उघडत नाहीत. पण हे घरच्या वाय-फायपुरतंच. लोकलमध्ये फोन मोबाइल डेटावर गेला की ही चाळणी नाही, आणि यूट्यूब किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या आत काय चाललंय ते हिला दिसत नाही.

सिनेमाला जाताना ब्रिटनहून आलेल्यांची हमखास गफलत होते. तिकडे १५ चं प्रमाणपत्र म्हणजे त्याखालच्या मुलांना प्रवेशच नाही. इथे यूए ७+, १३+ आणि १६+ या पालकांसाठीच्या सूचना आहेत. थिएटरात मनाई फक्त 'ए'ला, १८ वर्षांखाली. यूए १६+ च्या सिनेमाला तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला दारावर कुणी अडवेलच असं नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

आणि आजीची मालिका? ती बंद करायला सांगू नका. मात्र मराठी अर्धवट समजणाऱ्या मुलाला संवाद कळत नाहीत. उरतं ते संगीत, किंचाळणं आणि विषाचा पेला. ते जास्त भिववतं. शेजारी बसून "ही हिच्यावर का रागावलीये" एवढं सांगत राहा.

एवढं करूनही काही दिसलंच, तर फोन हिसकावू नका. पुढच्या वेळी ते लपवेल. "काय दिसलं?" एवढंच विचारा आणि ज्या भाषेत सांगता येईल त्या भाषेत सांगू द्या, तिकडे वाढलेल्या मुलांकडे या गोष्टींसाठी मराठी शब्दच नसतात. व्हिडिओत लहान मुलांचं शोषण असेल, तर दाखवण्यापुरतासुद्धा तो कुणाला पाठवू नका. पुढे पाठवणं हासुद्धा गुन्हा आहे. १०९८ ही चाइल्डलाइन आहे, तिथे फोन करा.

परत निघण्याआधी सगळे पिन आजोबांच्या डायरीत लिहून ठेवा. नाहीतर फोन अडकल्यावर ते तुम्हालाच विचारणार, आणि तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील.