श्वासातला ऑक्सिजन शेवटी जातो कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे तोच ऑक्सिजन कार्बनला चिकटून बाहेर येतो ना? (एक पालक, सातारा)

उत्तर : नाही. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो. श्वासातल्या ऑक्सिजनचं पेशीत पाणी होतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) आतल्या पटलातल्या प्रथिन संकुलांमधून पुढे पुढे सरकतात आणि चौथ्या संकुलात ऑक्सिजनला मिळतात. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. कोयनेचं उंचावर अडवलेलं पाणी खाली येताना जनित्र फिरवतं, तसे हे प्रोटॉन परत येताना एटीपी (पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू) बनवणाऱ्या एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनाचा दांडा फिरवतात. अगदी शब्दशः फिरवतात. एका फेरीत तीन एटीपी तयार होतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेकांनी ती मानली नाही. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं.

प्रश्न : ज्वारीच्या तोडलेल्या रानात फुटवे आले होते. म्हैस त्यात शिरली आणि तासाभरात थरथरून आडवी झाली. किराळ लागणे म्हणतात ते हेच का? त्याचा ऊर्जेशी काय संबंध? (शेतकरी, जत)

उत्तर : लक्षणं त्याचीच दिसतात, आणि संबंध थेट त्या चौथ्या संकुलाशी आहे. कोवळ्या ज्वारीत, पाण्याचा ताण बसलेल्या पिकात आणि खोडव्याच्या फुटव्यांत धुरिन नावाचा पदार्थ जास्त असतो. जनावराच्या पोटात त्यातून सायनाइड सुटतं. ते चौथ्या संकुलातल्या लोहाला घट्ट धरून बसतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचत नाहीत. मागची सगळी साखळी तुंबते आणि एटीपी सिंथेज थांबतं.

डॉक्टर आले की शिरेतलं रक्त पाहा. एरवी ते काळपट असतं, पण अशा जनावरात लालभडक दिसतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशींना तो वापरताच येत नाही. जनावर धापा टाकतं ते हवा कमी पडली म्हणून नव्हे.

उपचार आहे, पण हाताशी वेळ फार थोडा असतो. घरगुती काढे पाजत बसू नका, तडक पशुवैद्यकाला बोलवा. ते शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. पहिल्या औषधाने काही हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते सायनाइडला संकुलापासून आपल्याकडे ओढतं. दुसऱ्यामुळे त्याचं लघवीवाटे जाणारं, बरंच कमी विषारी संयुग होतं. आटपाडी-जतसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात हा धोका कायमचा आहे. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी खाऊ घालू नका, आणि फुटव्याच्या रानात जनावर मोकळं सोडू नका.

प्रश्न : एका ग्लुकोजपासून शाळेत ३८ एटीपी शिकवले, क्लासमध्ये ३२. परीक्षेत काय लिहू? (विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : परीक्षेत तुझ्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिही, पण समजून ३२ चा घे. एनएडीएच आणि एफएडीएच-२ हे अन्नातले इलेक्ट्रॉन त्या संकुलांपर्यंत वाहून नेणारे रेणू. जुन्या हिशोबात एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-२ ला २ एटीपी धरत. मोजमापं सुधारल्यावर दिसलं की एनएडीएचमागे १० प्रोटॉन ढकलले जातात आणि एक एटीपी वापरायला मिळेपर्यंत सुमारे ४ खर्ची पडतात. म्हणजे २.५. दुसऱ्याचे ६ प्रोटॉन, म्हणजे १.५. आता दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-२ चे ३ आणि थेट मिळणारे ४ : झाले ३२. पेशीद्रवातल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाटेने आत गेले, तर ३०.

प्रश्न : यवतेश्वर घाट पळत चढताना मांड्या पेटतात. लॅक्टिक आम्ल साचून दुसऱ्या दिवशीही दुखतं का? (धावपटू, सातारा)

उत्तर : दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकू नका. पळणं थांबल्यावर तासा-दोन तासांत लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं शरीरातलं रूप) ओसरतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या दिवशी दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, विशेषतः घाट उतरताना झालेल्या. चढावर मात्र मागणी इतकी वाढते की मायटोकॉन्ड्रिया पुरे पडत नाहीत, आणि स्नायूंना एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी देणाऱ्या झटपट मार्गावर जास्त भार टाकावा लागतो. यावर इलाज सरावाचाच. जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवलं की नियमित पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंमध्ये श्वसनाच्या विकरांची क्षमता सुमारे दुप्पट होते. आठवड्यातले बरेचसे दिवस बोलता येईल इतक्या वेगाने पळा आणि जोराचा चढ एखाद-दुसऱ्या दिवशीच ठेवा.