आकडे दिसतात, पण बेरीज शून्य!

प्रश्न: ऑफिसच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट एक्सेलमध्ये घेतला, तर रकमांच्या कॉलमची बेरीज शून्य येतेय. फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन दहा वेळा नंबर केलं, दोन डेसिमल दिले, ढिम्म फरक नाही. आता सगळं परत टाइप करत बसू का?

उत्तर: अजिबात नको! फॉरमॅट म्हणजे नुसते कपडे, आतला माणूस तोच राहतो. सेलमध्ये मजकूर म्हणून आलेलं ४५० हे नंबरचा फॉरमॅट चढवला तरी मजकूरच राहतं, आणि सम फंक्शन मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून शून्य. ओळखायचं असेल तर कॉलमला दिलेली अलाइनमेंट आधी काढून टाका, खरा आकडा असेल तो आपोआप उजवीकडे जातो आणि मजकूर डावीकडे चिकटून बसतो. (रकमांचा कॉलम छान दिसावा म्हणून सेंटर करणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो, पुरावाच पुसून टाकतात.)

आता उपाय. कॉलम सिलेक्ट करा, डेटा मेनूमधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बघता सरळ फिनिश दाबा, बऱ्याचदा एवढ्यावर भागतं, फक्त एका वेळी एकच कॉलम घ्यायचा. किंवा एका रिकाम्या सेलमध्ये १ टाइप करून कॉपी करा, मग रकमा सिलेक्ट करून पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज आणि मल्टिप्लाय हे दोन्ही निवडा. यात एक गोम आहे, मधले रिकामे सेल सिलेक्शनमध्ये आले तर तिथे शून्य येऊन बसतं, आणि पुढे सरासरी काढली की ती गंडते.

एवढं करूनही काही सेल हलले नाहीत तर आत न दिसणारी स्पेस आहे असं समजा. अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लावून बघा, डोळ्याला ४५० म्हणजे तीनच अक्षरं दिसतायत आणि उत्तर ४ आलं तर चोर सापडला. जादाच्या स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन लावून मोकळे होऊ नका, कारण ट्रिमला साधी स्पेस कळते, म्हणजे कॅरेक्टर नंबर ३२, पण वेबवरून कॉपी केलेल्या डेटात अनेकदा येते ती १६० नंबरची, आणि तिला ट्रिम हातही लावत नाही. त्या सेलमध्ये जाऊन तीच स्पेस कॉपी करा, फाइंड अँड रिप्लेसच्या वरच्या चौकटीत पेस्ट करा, खालची चौकट रिकामी ठेवा आणि रिप्लेस ऑल. त्यानंतर पुन्हा टेक्स्ट टू कॉलम्स, म्हणजे शंका नको. वजाचं चिन्ह शेवटी येत असेल, म्हणजे २५०- असं, तर टेक्स्ट टू कॉलम्सच्याच तिसऱ्या पायरीवर ॲडव्हान्स्डमध्ये त्यासाठी टिक आहे.

प्रश्न: सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची) उघडली की कोडच्या आधीची शून्यं गायब होतात, आणि १६ अंकी नंबरचा शेवटचा अंक ० होतो. परत कसा आणायचा?

उत्तर: त्या फाइलमधून नाही आणता येणार, सॉरी. एक्सेल फक्त १५ अंक नीट धरून ठेवतं, सोळावा उघडतानाच गेला, आणि ती फाइल सेव्ह केली असेल तर मूळ फाइल परत मागवा. मुळात ज्या नंबरची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही तो आकडा नाहीच, ते नाव आहे, त्याला टेक्स्टच ठेवा. सीएसव्हीवर डबल क्लिक करायची सवय सोडा, डेटा मेनूमधून इम्पोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा. नवीन व्हर्जनमध्ये ऑप्शन्सच्या डेटा भागात हे आपोआप होणारं रूपांतर बंदही करता येतं. गेलेली शून्यं मात्र परत मिळतात, कोड पाच अंकीच असेल तर टेक्स्ट फंक्शनमध्ये ००००० असा साचा इंग्रजी शून्यांत द्या.

प्रश्न: ३-४ टाइप केलं तर तारीख झाली, फॉरमॅट जनरल केला तर ४५ हजारांच्या घरातला कुठलातरी आकडा आला!

उत्तर: एक्सेलला तारीख म्हणजे मोजलेले दिवस, १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. टाइप करायच्या आधी सेल टेक्स्ट करा किंवा पुढे एक अपॉस्ट्रॉफी द्या, नंतर करून उपयोग नाही. तुम्ही एकटे नाही हो, मार्च १ आणि सेप्ट १ अशा नावांच्या जनुकांच्या (जीन्सच्या) तारखा व्हायला लागल्या म्हणून शेवटी शास्त्रज्ञांनीच २०२० मध्ये जनुकांची नावं बदलली, मार्च १ ची मार्चएफ १ झाली आणि सेप्ट १ ची सेप्टिन १.